ड्युअल डिग्री वेगळी, एकाच वेळी दोन डिग्र्या वेगळ्या

शेजारच्या काकू परवा आनंदाने सांगत होत्या, "आमची पोरगी पुण्यात मेकॅनिकल करतेय आणि सोबत आयआयटी मद्रासचं ते डेटा सायन्सचं ऑनलाइन बीएस. म्हणजे एआयमध्ये ड्युअल डिग्रीच झाली की!"

तसं नाही, काकू. हा घोळ बऱ्याच घरांत होतो आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यावर अवलंबून असतात, म्हणून जरा नीट सांगते.

ड्युअल डिग्री म्हणजे एकाच संस्थेत सलग पाच वर्षांत बीटेक आणि एमटेक. एरवी चार अधिक दोन अशी सहा वर्षं जातात, मधे गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षाही आली. आयआयटी मुंबईत तर सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या मुलांना बीटेक आपल्याच शाखेत ठेवून एमटेक 'एआय आणि डेटा सायन्स'मध्ये करण्याची सोय आहे. ही वाट अर्थात आत शिकत असलेल्यांसाठीच.

पण वाचलेल्या वर्षापेक्षा मला पाचवं वर्ष मोलाचं वाटतं. त्यात डीडीपी असतो, म्हणजे ड्युअल डिग्री प्रोजेक्ट. एकच प्रश्न घेऊन महिनोन् महिने बसायचं. डेटा गोळा करायचा, तो साफ करण्यातच कित्येक आठवडे घालवायचे, मॉडेलचे आकडे सुधारेनात म्हणून गाइडकडे जायचं आणि "आधी चुकलेली उदाहरणं एकेक करून बघ" हे ऐकून परत यायचं. शेवटी प्रबंध लिहून परीक्षकांसमोर उभं राहायचं. एआयमध्ये संशोधनाकडे जाणाऱ्याला ही सवय लागायलाच हवी, आणि ती कोर्सची संख्या वाढवून लागत नाही.

काकूंची मुलगी करतेय ते वेगळं. एप्रिल 2022 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही कॉलेजात जाऊन करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक कॉलेजात आणि दुसरी ऑनलाइन अथवा दूरशिक्षणातून, तीही मान्यताप्राप्त संस्थेची. पीएचडीला ही सवलत नाही. अशा दोन पदव्या बहुतेकदा एकाच पातळीच्या असतात. हिचं बीटेकही पदवीचं, बीएसही पदवीचं. दोन्ही मिळाल्या तरी मास्टर्स होत नाही.

म्हणून ते कमी दर्जाचं, असं मुळीच नाही. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, दर आठवड्याच्या असाइनमेंट्स आणि क्विझच्या रविवारी ओळखपत्र घेऊन परीक्षा केंद्रावर. संख्याशास्त्र, पायथन, डेटाबेस, मशीन लर्निंग असा पक्का पाया त्यातून होतो. शिवाय मधे थांबावं लागलं तर टप्प्यानुसार सर्टिफिकेट, डिप्लोमा किंवा बीएससी हातात पडते. ज्यांच्या कॉलेजात एआय नावापुरतंच शिकवलं जातं, त्यांना मी हे आवर्जून सुचवते.

बायोडेटात मात्र या दोन पदव्या दोन वेगळ्या ओळींत, संस्थेच्या नावासकट लिहा. वर 'ड्युअल डिग्री' असं लिहिलंत की मुलाखत घेणारा एमटेकचं विचारणार. जाहिरातीत हा शब्द दिसला तर फी विचारण्याआधी एवढं विचारा: शेवटी प्रमाणपत्रं किती, कोणत्या विद्यापीठाची, आणि त्यातलं एक तरी पदव्युत्तर आहे का?

मुलीला खरं तर एमटेकच हवंय. तिच्या कॉलेजात ड्युअल नाही, पण वाट बंद झालेली नाही. गेटमध्ये 2024 पासून 'डेटा सायन्स आणि एआय'चा स्वतंत्र पेपर आहे, 'डीए' म्हणतात तो, आणि गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते. काल ती त्याच्या अभ्यासक्रमाची प्रिंट घेऊन आली होती. प्रॉबॅबिलिटी, लिनिअर अल्जेब्रा, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, मशीन लर्निंग... बीएसमध्ये झालेल्या विषयांवर आम्ही दोघींनी पेन्सिलीने खुणा केल्या. अर्ध्याहून जास्त पान भरलं.