कुत्रा-मांजर चावणे व अलर्काचा धोका (ग्रामीण विदर्भ)

कुत्रा, मांजर वा अन्य सस्तन प्राण्याच्या चाव्यातून, ओरखड्यातून किंवा जखमेला त्याची लाळ लागल्याने अलर्क रोग (रेबीज, जलसंत्रास) होण्याचा संभव व तो अजमावण्याची रीत. रोगाचा विषाणू ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील असून त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. लक्षणे साधारणतः १ ते ३ महिन्यांत, क्वचित आठवड्याभरात किंवा वर्ष उलटल्यावर दिसतात आणि एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

संज्ञा : ‘अलर्क’ विषाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, सातव्या अध्यायात येते. संहितेचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत निरनिराळा सांगितला जातो; आजचा पाठ थराथरांनी वाढत गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अलर्क म्हणजे पिसाळलेला कुत्रा, तशीच पांढरी रुई; शांतिपर्वात कर्णाची मांडी पोखरणाऱ्या किड्याचे नावही अलर्कच. रुईचा चीक, किड्याचा दंश व कुत्र्याची लाळ यांना ‘विष’ या एका धाग्यात ओवता येते, पण हा अर्थ मागाहून बसवल्यासारखा दिसतो.

मराठी ‘पिसाळणे’ हे ‘पिसे’ म्हणजे वेड याच्याशी निगडित असून पिसे बहुधा संस्कृत पिशाच, प्राकृत पिसाय किंवा पिसल्ल यांवरून आले. वऱ्हाडीत ‘पिसायलं कुत्रं’ असा उच्चार ऐकू येतो. त्यात प्राकृत ‘पिसाय’ जसेच्या तसे उरले असे मानण्याचा मोह होतो. मात्र काळाचे ‘काया’ व डोळ्याचे ‘डोया’ करणाऱ्या बोलीत ळचा य होणे नित्याचे आहे, तेवढे स्पष्टीकरण पुरते.

प्राण्यातील लक्षणे : शेपूट, जबडा व खांदे लोंबणे, अतोनात लाळ गळणे, आंधळ्या-बहिऱ्यासारखे होऊन एकमेकांवर धावून जाणे, असे सुश्रुताचे वर्णन आहे. यातील धावून जाणे सर्वांना ठाऊक असते. लोंबता जबडा हे रोगाच्या मूक स्वरूपाचे लक्षण मात्र ओळखले जात नाही. गोठ्यातली गाय कुटार (चारा) खाणे सोडते, तोंड मिटत नाही, लाळेची तार जमिनीला टेकते. घशात काही अडकले असे समजून घरधनी कोपरापर्यंत हात आत घालतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे आधीच सोललेली असतात. चावा कुठेच नसतो, तरी अशा हाताला लागलेली लाळ तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गाचा संपर्क ठरू शकते (वर्ग पुढे दिले आहेत).

धोक्याचे मापन : जागतिक आरोग्य संघटनेने संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. शाबूत कातडीवर चाटणे वा प्राण्याला हात लावणे हा पहिला. याला लस लागत नाही. रक्त न येता खरचटणे किंवा उघड्या कातडीला दातांनी कुरतडणे हा दुसरा. कातडी फोडून गेलेला चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या कातडीला अथवा तोंड-डोळ्यांच्या आतल्या पातळ त्वचेला लागलेली लाळ हा तिसरा. जखम लहान म्हणून धोका लहान, हा हिशेब खोटा आहे. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, त्यामुळे बोटावरचा किंवा गालावरचा दातांचा ठिपकाही गंभीर मानावा लागतो. मांजराच्या बाबतीत ओरखड्याकडेच दुर्लक्ष होते. मांजर पंजे चाटते, हे ध्यानात घ्यावे.

‘दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा’ हा नियम गावोगाव उलटा पोहोचला आहे. लक्षणांच्या काही दिवस आधीच विषाणू लाळेत उतरतो. तेव्हा चावल्यानंतर १० दिवस कुत्रा-मांजर धडधाकट राहिले, तर त्या क्षणी लाळ निर्विष होती असे म्हणता येते आणि लसीच्या उरलेल्या मात्रा थांबवता येतात. लस सुरू करण्यासाठी थांबणे त्यात अभिप्रेत नाही. आठवडी बाजारात चावून पळालेले कुत्रे तर पुन्हा दृष्टीसही पडत नाही. कोल्हा, लांडगा व मुंगूस यांना हा नियम लागू नाही. मेळघाट, ताडोबा यांसारख्या रानांच्या कडेला त्यांचा चावा थेट तिसऱ्या वर्गात धरतात.

उपचार : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे ही पहिली पायरी. तिखट, चुना, हळद लावल्याने जखम चिडते व धुणे राहून जाते. डागण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतही दंशातून रक्त काढून तापल्या तुपाने जाळण्यास सांगतो. तिसऱ्या वर्गात लसीसोबत प्रतिपिंडांचे औषध (इम्युनोग्लोब्युलिन) जखमेत व तिच्याभोवती टोचतात. मानवी असल्यास वजनाच्या दर किलोला २०, घोड्यापासूनचे असल्यास ४० एकके. टाके शक्यतो टाळतात. लस स्नायूत ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी, किंवा कातडीत दोन जागी ०, ३, ७ व २८ व्या दिवशी दिली जाते.

बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून ऐकू येते. ती ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेम्पल यांनी हिमाचलातील कसौली येथे १९११ च्या सुमारास तयार केलेल्या, मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या लसीची आठवण होय. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले.

मृत्युसंख्या : २००३ च्या सर्वेक्षणावरून देशात वर्षाला सुमारे २०,५०० मृत्यू मानले जात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ च्या पाहणीत हा अंदाज सुमारे ५,७०० वर आला. पाहणी ताजी असल्याने आता दुसरा आकडा धरणे सयुक्तिक.

दूध : पिसाळलेल्या जनावराच्या दुधातून माणसाला रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, उकळीने विषाणू नष्ट होतो. तरी अशी गाय दगावली की तिच्या दुधाचे विरजण कोणकोणत्या घरी गेले याचा माग काढत आख्खी आळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर येऊन बसते.