‘चाळीस वर्षं डोक्यावर आहे, काही झालं नाही’

पर्वती पायथ्याला सिमेंटचा पत्रा बदलायला काढला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, त्या पत्र्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू छातीत गेल्यावर बहुधा २० ते ५० वर्षांनी दिसतो. मग ‘काही झालं नाही’ हा पुरावा कसला? ‘पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी’ हेही खोटंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवलेत. धड पत्र्याखाली राहणाऱ्यांनी मात्र हाय खाऊ नये. खरी भीती ग्राइंडरची, आणि भोक पाडताना उडणाऱ्या त्या पांढरट भुकटीची, जी आपण खुशाल कोरड्या झाडूने लोटतो. आधी पाणी मारा, पत्रा न फोडता अख्खा उतरवा. नाकावरचा रुमाल हे तंतू अडवत नाही.