वर्किंग डे (शब्दप्रयोग)

वर्किंग डे म्हणजे कामकाजाचा दिवस: आठवडी आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून उरणारा. बिझनेस डे हा शब्दही बहुधा त्याच अर्थाने येतो. व्याख्या सोपी आहे, गोंधळ मोजणीत होतो, कारण दिवस कुणाच्या कामकाजाचा धरायचा हे या शब्दातून कळत नाही. भारतातल्या बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, इतर शनिवारी चालू. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांत आठवडी सुट्टी गुरुवारची.

‘रिफंड विदिन ७ वर्किंग डेज’ असा एखाद्या कंपनीचा मेसेज शुक्रवारी संध्याकाळी आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार आहे, असे धरू. बँकेच्या हिशोबाने पहिला दिवस सोमवार, सहावा पुढचा शनिवार आणि सातवा त्यानंतरचा सोमवार. म्हणजे सात दिवसांचे दहा झाले. तीच कंपनी पाच दिवसांच्या आठवड्याने मोजत असेल तर अकरा, आणि मध्ये सण आला की आणखी एक. गरजू माणसासाठी हे दिवस थोडे नसतात. म्हणून अशा सूचनेत शेवटची तारीखच लिहायला हवी.

मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर काय, याला कायद्यात दोन उलट उत्तरे आहेत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम २५ प्रमाणे वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर पैसे ‘नेक्स्ट प्रिसीडिंग बिझनेस डे’ला देय होतात. इथे नेक्स्ट म्हणजे पुढचा नव्हे, लगतचा; संपूर्ण शब्दप्रयोगाचा अर्थ लगतचा आधीचा दिवस. याउलट जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चे कलम १० न्यायालय किंवा कार्यालय बंद असल्यास ते उघडेल त्या पुढच्या दिवसापर्यंत सवलत देते. कर्जाच्या हप्त्यांची गोष्ट आणखी वेगळी: खात्यातून हप्ते आपोआप वळते करणारी ‘नॅच’ यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते, त्यामुळे हप्ता रविवारीही कापला जातो.

लीव्ह, हॉलिडे आणि ऑफ या शब्दांची सरमिसळ मराठी माणसाने करण्याचे खरे तर कारण नाही. रजा मागावी लागते, सुट्टी आपोआप मिळते, हा भेद मराठीत पक्का आहे. रजा टाकतात, सुट्टी पडते. रोजंदारीवर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि न सांगता गैरहजर राहिले की दांडी. इंग्रजी अर्ज लिहिताना मात्र हे भान सुटते आणि ‘आय वॉन्ट हॉलिडे’ असे लिहिले जाते. तिथे लीव्ह हवे.

मराठीची खरी अडचण ‘पर्यंत’ने होते. ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत अहवाल द्या’ या दोन्ही वाक्यांत आपला एकच शब्द चालतो. इंग्रजीत पहिल्याला अंटिल, कारण स्थिती तोवर चालू राहते. दुसऱ्याला बाय, कारण काम त्याआधी केव्हाही संपले तरी चालते. ‘सबमिट अंटिल फ्रायडे’ हे आपल्या कचेऱ्यांतले वाक्य इथूनच आले. शिवाय अंटिल फ्रायडे रजा म्हटल्यावर माणूस शुक्रवारी कामावर येणार की नाही, हे इंग्रजी बोलणाऱ्यांनाही नक्की सांगता येत नाही. ‘बॅक ऑन मंडे’ म्हटले की प्रश्न उरत नाही.

बैठक ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असे वाचले की मराठी कानाला ती पुढे ढकलल्यासारखी वाटते. इंग्रजीत बहुधा उलट, अलीकडे ओढलेली असते. भारतात रुळलेला प्रीपोन हा शब्द म्हणूनच उपयोगी आहे. बायवीकली तर आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ देतो. फोर्टनाइट त्यापेक्षा स्पष्ट, पण तो चौदा रात्रींचा. आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा.