मूळ अवयव चारच, मग विभाजक ७२ कसे? बाळकुम आणि बेलापूरच्या पिनकोडांचं गणित

ठाण्यातल्या बाळकुमचा पिनकोड ४००६०८, सीबीडी बेलापूरचा ४००६१४. नुसत्या संख्या म्हणून पाहिल्या तर फरक फक्त ६चा, आणि दोन्हींचे वेगवेगळे मूळ अवयवही चार-चारच. तरी पहिलीला ७२ विभाजक आहेत आणि दुसरीला १६. ‘मूळ अवयव किती?’ आणि ‘विभाजक किती?’ हे प्रश्न एकच समजले, तर हा फरक कळणारच नाही.

आधी अवयव पाडू. ४००६०८ ला २ ने पाच वेळा भाग जातो: २००३०४, १००१५२, ५००७६, २५०३८, १२५१९. पुढे ३ ने दोनदा: ४१७३, १३९१. आणि १३९१ = १३ × १०७. म्हणजे २⁵ × ३² × १३ × १०७.

४००६१४ मात्र २ × ३ × २३ × २९०३. इथे बरेच जण २३ नंतर अडकतात. २९०३ मूळ आहे का, हे बघायला ५३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, कारण पुढच्या ५९ चा वर्ग ३४८१, म्हणजे २९०३ च्या वर जातो. सुरुवातीच्या ४००६१४ च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६३२ पर्यंत, जाण्याची गरज नाही. अवयव सापडला की लगेच भागायचं आणि उरलेल्या संख्येवरून नवी मर्यादा धरायची.

आता विभाजक. ४००६०८ च्या विभाजकात २ हा ० ते ५ वेळा येऊ शकतो, म्हणजे सहा पर्याय. ३ साठी तीन, १३ आणि १०७ साठी दोन-दोन. ६ × ३ × २ × २ = ७२. घातांकात १ मिळवायचा तो त्या ‘शून्य वेळा’साठी. तो विसरला तर ५ × २ × १ × १ = १० येतात, आणि त्यात खुद्द १ हा विभाजकसुद्धा बसत नाही. घातांकांची बेरीज केली तर ९, पण ती पुनरावृत्तीसह मूळ अवयवांची संख्या. आणखी एक फसवी चूक म्हणजे ८ × ४ × ९ × १३ × १०७ असं लिहून पाच अवयव धरणं आणि २⁵ = ३२ विभाजक सांगणं. गुणाकार बरोबर आहे, पण ८ आणि ४ दोन्ही २ पासूनच बनलेले, ९ तर ३ चा वर्ग. मोजणी मूळ संख्यांच्या घातांकांवरच करायची.

बेलापूरच्या संख्येत सगळे घातांक १, म्हणून २ × २ × २ × २ = १६.

विभाजकांच्या जोड्या लावल्या की फरक डोळ्यांना दिसतो, आणि हा भाग खरोखर सुंदर आहे. ४००६०८ ची सर्वांत जवळची जोडी ६२४ × ६४२. दोन्ही संख्या ६३३ पासून सारख्याच, ९ ने दूर: ६३३² − ९² = ४००६८९ − ८१. ४००६१४ ची सर्वांत जवळची जोडी १३८ × २९०३. विभाजकात २९०३ असेल तर तो किमान २९०३, नसेल तर जास्तीत जास्त २ × ३ × २३ = १३८. मधल्या जागेत या संख्येचा एकही विभाजक नाही.