रिअल-टाइम ओएसवरचा सिरीयल पोर्ट ड्रायव्हर

युआर्टने (एकेक करून येणारे-जाणारे बिट हाताळणाऱ्या हार्डवेअरने) बिट जुळवून तयार केलेला बाइट, पुढचा बाइट येऊन धडकण्याआधी उचलून टास्कच्या (ओएसवर चालणाऱ्या एकेका कामाच्या) हाती देणारा आणि टास्कचे बाइट तारेवर सोडणारा ओएसचा भाग म्हणजे सिरीयल पोर्ट ड्रायव्हर. वेग, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), स्टॉप बिट (बाइटचा शेवट दाखवणारा बिट) हे आकडे भरले की ड्रायव्हर तयार झाला, असे नव्यांना वाटते. ते पाच मिनिटांचे काम आहे. खरी मांडणी वेळेची असते: कोणी, किती उशिरापर्यंत, कोणाला थांबवायचे.

नागपूरला हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत पॅनलचे दार उघडा. एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे यंत्र), तापमान नियंत्रक बहुधा एकाच ट्विस्टेड पेअरवर जोडलेले दिसतील. तारेवर आरएस-४८५ ही विद्युत जोडणीची पद्धत आणि त्यावर १९७९ पासून चालत आलेली मॉडबस ही संदेशांची भाषा. त्यांच्याशी बोलणाऱ्या कंट्रोलरवर फ्रीआरटीओएस किंवा झेफिर यांसारखी रिअल-टाइम ओएस (ठरल्या वेळेत काम पार पाडणारी ओएस) असेल, तर हा ड्रायव्हर कोणीतरी बसवलेला असतो.

पहिला प्रश्न क्लॉकचा, कारण बिटांचा वेग त्यावरूनच निघतो. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ८०५१ मायक्रोकंट्रोलर हाताळलेल्यांना ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आठवत असेल. तो विचित्र आकडा ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) नेमका भागला जातो. त्याच जागी १२ मेगाहर्ट्झ लावला, तर टायमरच्या नेहमीच्या मांडणीत जवळात जवळचा वेग १०४१७ मिळतो, म्हणजे साडेआठ टक्के चूक. ८-एन-१ फ्रेममध्ये (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात आणि तिथवर अर्ध्या बिटाइतकेच सरकणे चालते. म्हणून दोन्ही टोकांची चूक मिळून पाच टक्क्यांच्या पुढे गेली की संवाद मोडतो. प्रत्येक बाजूने दोन टक्क्यांच्या आत राहणे शहाणपणाचे. क्रिस्टल वाचवून चिपमधल्या आरसी ऑसिलेटरवर भागवणारे इथेच फसतात. तो साधारण २५ अंशांना जुळवलेला असतो. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या शेडखालच्या बंद पॅनलमध्ये पारा त्याहून बराच वर जातो. विदर्भात बसवायच्या यंत्रात क्रिस्टल हवाच.

दुसरा प्रश्न इंटरप्टच्या (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेच्या) प्रायॉरिटीचा, आणि सर्वांत जास्त दिवस यातच वाया जातात. फ्रीआरटीओएसमध्ये ओएसचे फंक्शन वापरणाऱ्या इंटरप्टची प्रायॉरिटी ठरलेल्या मर्यादेच्या वर असून चालत नाही. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ प्रोसेसरमध्ये आकडा लहान तितकी प्रायॉरिटी मोठी, आणि रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्ट शून्यावर, म्हणजे सर्वांत वर असतो. प्रायॉरिटी लिहायची राहून गेली, तर ओएस टास्कच्या याद्या बदलत असतानाच युआर्टचा इंटरप्ट मध्ये घुसतो. तासन्‌तास सुरळीत चाललेले यंत्र मग एकाएकी अडकते, आणि दोष तारेत शोधला जातो. विकासाच्या काळात ओएसचे असर्ट (चूक दिसताच थांबवणाऱ्या तपासण्या) चालू ठेवले की ही चूक लगेच सापडते.

इंटरप्टमध्ये बाइट बफरमध्ये टाकायचा, टास्कला उठवायचे आणि बाहेर पडायचे. अर्थ लावणे टास्ककडे. बफर किती मोठा हवा, ते अंदाजाने ठरवू नये. ११५२०० बॉडला, एका बाइटमागे १० बिट धरून, सेकंदाला ११५२० बाइट येतात. वाचणारी टास्क जास्तीत जास्त २० मिलिसेकंद रखडू शकत असेल, तर तेवढ्यात २३० बाइट साचतील, म्हणून २५६ चा बफर. वेग मोठा असेल तर डीएमए (प्रोसेसरला न अडवता बाइट थेट मेमरीत टाकणारे हार्डवेअर) वापरावा.

आरएस-४८५ मध्ये पाठवून झाले की लाइन सोडावी लागते, कारण तार सगळ्यांची एकच असते. इथे युआर्टचे दोन झेंडे (स्थिती सांगणारे बिट) वेगळे ओळखावेत: एक सांगतो की पाठवण्याचे रजिस्टर रिकामे झाले, दुसरा सांगतो की शेवटचा बिटसुद्धा बाहेर पडला. पहिल्यावर लाइन सोडली की शेवटचा बाइट कापला जातो. मॉडबसमध्ये तो सीआरसीचा (संदेश तपासायच्या आकड्याचा) असतो, त्यामुळे समोरचे मीटर संदेश टाकून देते आणि उत्तरच देत नाही.

मॉडबसच्या आरटीयू या प्रकारात दोन संदेशांमध्ये साडेतीन अक्षरांची (बाइटांची) शांतता लागते. अक्षर ११ बिटांचे धरले, तर ९६०० ला हे ४ मिलिसेकंद होतात, १९२०० ला २. टिक (ओएसच्या घड्याळाचा ठोका) १ मिलिसेकंदाचा असेल तर ओएसच्या डिलेमध्ये एका टिकची चूक होऊ शकते, आणि २ मध्ये १ ही फार मोठी चूक आहे. ही मोजणी हार्डवेअर टायमरकडे द्यावी.

एकाच पोर्टवर दोन टास्क लिहीत असतील, तर म्यूटेक्स (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणारे कुलूप) लावावा, आणि त्यात प्रायॉरिटी इनहेरिटन्स हवा: कुलूप धरलेल्या टास्कला वाट पाहणाऱ्या मोठ्या टास्कची प्रायॉरिटी मिळते. झेफिरमध्ये वेग डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) लिहितात, व्हीएक्सवर्क्स या दुसऱ्या रिअल-टाइम ओएसमध्ये आयओकंट्रोल या फंक्शनने देतात. बाकीचे तर्क तेच.

ड्रायव्हरमध्ये चुकांचे तीन वेगळे आकडे मोजण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी. ओव्हररन (उचलण्याआधीच पुढचा बाइट येऊन धडकणे) वाढत असेल तर इंटरप्टला उशीर होतो आहे. पॅरिटी चुकत असेल तर तारेत गोंगाट आहे, शील्ड (तारेवरचे आवरण) आणि टर्मिनेशन (तारेच्या टोकांचे रेझिस्टर) पाहावे. फ्रेमिंगच्या चुका (स्टॉप बिट जागेवर न सापडणे) सकाळी शून्य आणि दुपारी दोन वाजता शेकड्यांनी दिसत असतील, तर कोड तपासण्याआधी ऑसिलेटर तपासावा.