‘हनी’ची पार्श्वभूमी: रिंगणातला नाच आणि नृत्यदिग्दर्शकाचे नाव

अमेरिकेत ५ डिसेंबर २००३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘हनी’ या चित्रपटाचे कथानक थोडक्यात सांगता येते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील हनी डॅनियल्स ही तरुणी रात्री एका क्लबच्या बारमध्ये काम करते, दिवसा रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात वस्तीतील समाजकेंद्रात मुलांना हिप-हॉप शिकवते. संगीत-व्हिडिओंचा एक दिग्दर्शक तिला हेरतो. ती आधी मागच्या रांगेतील नर्तकी आणि मग नृत्यदिग्दर्शक होते. त्याच दिग्दर्शकाची लगट तिने नाकारल्यावर तिची कामे बंद होतात, आणि अखेरीस ती मुलांसाठी स्वतःचा स्टुडिओ उभा करण्याच्या खटपटीला लागते. जेसिका अल्बा हिची मुख्य भूमिका असलेल्या या चित्रपटाविषयी समीक्षकांनी फारसे चांगले लिहिले नाही. तरीही सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ६ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. कथा सरळधोपट आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र हनी ज्या कामाचे स्वप्न पाहते ते काम तिच्या जन्माच्या आसपास अस्तित्वातच नव्हते. हिप-हॉपचा नाच नृत्यदिग्दर्शकाशिवाय जन्माला आला, आणि त्याला नृत्यदिग्दर्शक मिळायला पुढची दहा-पंधरा वर्षे जावी लागली. त्या वर्षांत काय घडले, हे ठाऊक असेल तर या साध्या चित्रपटाकडे अधिक आस्थेने पाहता येते.

सुरुवात ब्रॉन्क्समध्येच करावी लागते. १९४८ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक बांधकामांचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांच्या पुढाकाराने या भागाच्या मधोमध ‘क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेस वे’ हा महामार्ग खोदला गेला आणि त्यासाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्यांना शक्य होते ते उपनगरांकडे निघून गेले, मागे राहिलेल्या वस्तीत मुख्यतः कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेली कष्टकरी कुटुंबे उरली, घरमालकांनी इमारतींची देखभाल सोडली, आणि १९७०च्या दशकात तर आगींमुळे गल्ल्याच्या गल्ल्या ओसाड पडल्या. ५ ऑक्टोबर १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी शार्लट स्ट्रीटला भेट दिली, तेव्हा विटांच्या ढिगाऱ्यांमधून चालणारे राष्ट्राध्यक्ष साऱ्या देशाने पाहिले. त्याच्या चार वर्षे आधी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरील सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशमूल्य होते. रेकॉर्ड लावण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह याच्याकडे होते. १९६७ मध्ये जमैकातील किंग्स्टनहून आलेला हा मुलगा ‘डीजे कूल हर्क’ या नावाने पुढे ओळखला गेला.

हर्कचे निरीक्षण साधे होते. गाण्यातील गायन थांबून केवळ ढोल आणि तालवाद्ये वाजू लागतात, तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, आला की नाचणाऱ्यांच्या अंगात येते. पण तो तुकडा काही सेकंदांतच संपतो. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर, ठेवल्या आणि एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवरचा सुरू करून तो तुकडा हवा तितका लांबवला. लांबलेल्या ब्रेकवर नाचणारी मुले ‘बी-बॉय’ आणि मुली ‘बी-गर्ल’ झाल्या. त्यांच्या उभ्याने करायच्या पदन्यासावर गायक जेम्स ब्राउन यांच्या नाचाची दाट छाया होती, आणि मग हळूहळू हात जमिनीला टेकवून पायांनी वर्तुळे काढण्याची, पाठीवर गिरकी घेण्याची, आणि शेवटच्या ठोक्यावर एखाद्या ऐटदार पवित्र्यात गोठून उभे राहण्याची रीत रुळली.

हा नाच रिंगणात होई. रिंगणाला तिथे ‘सायफर’ म्हणतात. एक जण आत शिरतो, काही क्षण नाचतो, बाहेर पडतो, आणि दुसरा त्याला उत्तर देत आत येतो. इथे पदन्यास कोणी कोणाला बसवून देत नाही. समोरच्याने आत्ताच काय केले त्यावर आपण काय करायचे ते ठरते. दुसऱ्याची खास हालचाल जशीच्या तशी उचलणे ही मोठी नामुष्की समजली जाते, आणि तिच्यासाठी ‘चावणे’ हाच शब्द या मुलांच्या बोलीत आहे. म्हणजे श्रेयाचा विचार या नाचात पहिल्यापासून होता, आणि मला तो पुढच्या सगळ्या कायद्यांपेक्षा कडक वाटतो. फरक इतकाच की त्याचे साक्षीदार रिंगणाभोवती उभे असलेले लोक असत. कागदावर त्याची नोंद नसे. कॅलिफोर्नियात याच दशकात वेगळ्या परंपरा घडत होत्या: लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल यांचे ‘लॉकिंग’ (वेगवान हालचाल मध्येच गोठवणे) आणि फ्रेझ्नो शहरात बूगालू सॅम व त्यांच्या गटाचे ‘पॉपिंग’ (स्नायू झटक्याने आखडून सैल सोडणे). ब्रॉन्क्सशी त्यांचा प्रारंभी संबंध नव्हता. पुढे दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांनी या तिन्ही गोष्टी ‘ब्रेकडान्स’ या एकाच नावाखाली कोंबल्या, आणि जुन्या नर्तकांना ते नाव आजही खटकते.

१९८० च्या सुमारास ब्रॉन्क्समधील थोरल्या मुलांचा या नाचातला रस ओसरला होता. तो टिकला तो मुख्यतः पोर्तो रिकन मुलांच्या धडपडीमुळे, आणि त्यात १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक स्टेडी क्रू’ या गटाचा आणि त्यातील ‘क्रेझी लेग्ज’ या किशोरवयीन नर्तकाचा वाटा मोठा आहे. एप्रिल १९८१ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात नृत्यसमीक्षक सॅली बेन्स यांचा लेख मार्था कूपर यांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लिंकन सेंटरच्या उघड्या प्रांगणात रॉक स्टेडीचा ‘डायनॅमिक रॉकर्स’ या गटाशी सामना झाला. जेथे ऑपेरा आणि बॅले चालतात त्या आवारात हा नाच पोहोचला, ही घटना माझ्या मते पुढच्या साऱ्या चित्रपटांहून महत्त्वाची आहे, कारण तिथे हा नाच अजून पूर्णपणे नाचणाऱ्यांच्या हातात होता.

कॅमेरा आला आणि हे बदलले. १९८३ च्या ‘फ्लॅशडान्स’मध्ये रॉक स्टेडीची मुले रस्त्यावर नाचताना काही क्षण दिसतात, आणि त्या काही क्षणांनी जगभरच्या मुलांना पाठीवर गिरक्या घ्यायला लावले. या चित्रपटाची दुसरी बाजू मात्र आजही अस्वस्थ करते. नायिका जेनिफर बील्स हिच्या वतीने बहुतेक नाच मरीन जाहान या फ्रेंच नर्तकीने केला होता, आणि तिचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. शेवटच्या परीक्षेच्या प्रसंगातील पाठीवरची गिरकी तर केसांचा टोप घातलेल्या क्रेझी लेग्जची होती. नाचाच्या जोरावर वर येणाऱ्या मुलीची कथा सांगणाऱ्या चित्रपटात प्रत्यक्ष नाचणाऱ्यांचे चेहरे आणि नावे झाकली गेली. १९८४ मध्ये ‘बीट स्ट्रीट’ आणि ‘ब्रेकिन’’ हे चित्रपट आले, जाहिरातींतही हा नाच दिसू लागला, आणि दोन-तीन वर्षांत ही लाट ओसरली.

त्याच सुमारास एमटीव्हीने दुसरा रस्ता उघडला. १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या या वाहिनीमुळे गाणे पाहण्याची वस्तू झाले. मे १९८३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात मायकल जॅक्सन मागे सरकत गेले, आणि त्या चालीला सगळ्यांनी त्यांचेच नाव जोडले. खरे तर जेफ्री डॅनियल या गायक-नर्तकाने ती चाल १९८२ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर करून दाखवली होती, आणि बिल बेली हे टॅप नर्तक १९४३ च्या एका चित्रपटात तसेच मागे जाताना दिसतात. पण जॅक्सन यांच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली: गाण्यासाठी आखून, बसवून, दहा-वीस जणांनी एकसाथ करायचा नाच हा व्हिडिओचा कणा बनला, आणि १९८४ मध्ये एमटीव्हीच्या पहिल्या व्हिडिओ पुरस्कारांतच नृत्यदिग्दर्शनासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवले गेले. मुंबईतही जवळपास याच वेळी असेच घडत होते, हे इथे नोंदवावेसे वाटते. वर्षानुवर्षे ‘मास्टरजी’ म्हणून पडद्यामागे राहिलेल्या या पेशासाठी फिल्मफेअरने १९८९ मध्ये पुरस्कार सुरू केला, आणि पहिला मान सरोज खान यांना मिळाला.

रस्त्यावरचा नाच आणि बसवलेला नाच यांची गाठ पक्की झाली ती १९९० च्या आसपास. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे डान्स सेंटरमध्ये १९८९ साली ‘बुद्धा स्ट्रेच’ या नर्तकाने हिप-हॉपचा वर्ग सुरू केला, आणि एखाद्या प्रतिष्ठित स्टुडिओतील असा तो पहिला वर्ग मानला जातो. वर्ग म्हटला की आरसा आला, मोजणी आली, ‘पाच, सहा, सात, आठ’ आले. रिंगणात एकमेकांकडे तोंड करून नाचणारी मुले आता सगळी एकाच दिशेला पाहू लागली. काही तरी हरवले हे खरे, पण त्याशिवाय हा नाच शिकवून पोट भरणे शक्य नव्हते. १९९० मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘इन लिव्हिंग कलर’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातील ‘फ्लाय गर्ल्स’ या नर्तकींचे नाच रोझी पेरेझ यांनी बसवले. ब्रॉन्क्सच्या कॅसल हिल भागातून आलेली जेनिफर लोपेझ याच चमूत होती. दुसरीकडे फातिमा रॉबिन्सन यांनी क्लबांत नाचत नाचत व्हिडिओंच्या जगात पाऊल टाकले आणि १९९२ मध्ये मायकल जॅक्सन यांच्या एका मोठ्या व्हिडिओचे नृत्यदिग्दर्शन केले. क्लबातून व्हिडिओकडे जाणारी हनीची वाट अशी प्रत्यक्षात आधीच मळलेली होती.

‘हनी’ची नायिका लॉरीअॅन गिब्सन यांच्या आयुष्यावरून सुचलेली आहे. टोरोंटोत वाढलेल्या गिब्सन न्यूयॉर्कला आल्या, त्यांनी नृत्यदिग्दर्शक एल्विन एली यांच्या नृत्यशाळेत शिक्षण घेतले, त्या ‘फ्लाय गर्ल’ झाल्या आणि पुढे संगीत कंपन्यांसाठी कलाकार घडवण्याचे व नाच बसवण्याचे काम करू लागल्या. चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन त्यांचेच आहे, आणि त्यात हनीला पाण्यात पाहणाऱ्या कॅटरिना या नृत्यदिग्दर्शिकेची भूमिकाही त्यांनीच केली आहे. निर्मात्यांपैकी आंद्रे हॅरेल आणि पटकथाकारांपैकी अलोन्झो ब्राउन ही जोडी १९८० च्या दशकात एका रॅप-जोडगोळीत एकत्र गात असे. हॅरेल हे स्वतः ब्रॉन्क्समध्ये वाढले आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘अपटाउन रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. दिग्दर्शक बिली वूड्रफ संगीत-व्हिडिओंच्या धंद्यातून आलेले होते आणि हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. चित्रीकरण बहुतांशी टोरोंटोत झाले असले, तरी कथा रचणाऱ्यांपैकी अनेकांनी तो धंदा आतून पाहिला होता. म्हणूनच रॅप गायिका मिसी एलियट स्वतःच्याच भूमिकेत येऊन ‘मला हनीच हवी’ असा आग्रह धरते, तेव्हा तो प्रसंग अतिरंजित असूनही खोटा वाटत नाही.

मला या चित्रपटातील दोन गोष्टी विशेष मोलाच्या वाटतात. पहिली, मुलांना बास्केटबॉल खेळताना पाहून हनी त्यांच्या हालचालींतून नाच रचते तो भाग. वस्तीतील हालचाल उचलून तिला आकार देणे हेच हिप-हॉप नृत्यदिग्दर्शकाचे खरे काम आहे, आणि इतक्या सोप्या रीतीने ते फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे. दुसरी, दिग्दर्शकाला नकार दिल्यावर हनीचे काम जाते ती घटना. व्हिडिओंत नाचणाऱ्या मुलींचे काम एकेका माणसाच्या मर्जीवर कसे अवलंबून असते, हे एका किशोरवयीनांसाठीच्या चित्रपटाने २००३ मध्ये स्पष्टपणे मांडले. त्याची दखल तेव्हा पुरेशी घेतली गेली नाही.

ही परावलंबी स्थिती कायद्यातही होती. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने, जो १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला, नृत्यरचनेला प्रथमच स्वतंत्र संरक्षण दिले. पण सुटे पदन्यास आणि लोकांनी मिळून नाचायचे सामाजिक नाच त्या संरक्षणाबाहेर राहिले, आणि रचना चित्रित केलेली किंवा लिपिबद्ध असावी लागे. बॅले मंडळींना हे जमत असे, व्हिडिओंच्या नर्तकांना ते ठाऊकही नसे. बियॉन्से यांच्या २००८ मधील एका अतिशय गाजलेल्या व्हिडिओचा नाच रचणाऱ्या जॅक्वेल नाइट यांना आपल्या रचनेची नोंदणी मिळाली ती २०२० मध्ये, तीही लाबान नृत्यलिपीत ती उतरवून घेतल्यानंतर.

‘हनी’नंतर लगेचच, जानेवारी २००४ मध्ये, ‘यू गॉट सर्व्हड’ आला, २००६ मध्ये ‘स्टेप अप’ मालिका सुरू झाली, आणि ‘हनी’चेही २०११, २०१६ व २०१८ मध्ये पुढचे भाग निघाले. या लाटेचे पाणी आपल्या किनाऱ्यालाही लागले. वसई-नालासोपारा पट्ट्यातील सामान्य घरांतील मुलांचा एक गट सुरेश मुकुंद यांच्या नेतृत्वाखाली हिप-हॉप करू लागला, आणि त्यांच्या वाटचालीवर २०१५ मध्ये रेमो डिसुझा यांचा ‘एबीसीडी २’ बेतला गेला. त्याच वर्षी या गटाने सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. मे २०१९ मध्ये ‘द किंग्ज’ या नावाने त्यांनी अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा आणि १० लाख डॉलरांचे पारितोषिक जिंकले, तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीत कॅसल हिलची जेनिफर लोपेझ बसली होती. या कार्यक्रमातील रचनांसाठी सुरेश मुकुंद यांना २०२० चा ‘वर्ल्ड कोरिओग्राफी’ पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.