देवावर सोपवणं आणि सोडून देणं

मराठीत 'सोडणे' या एका क्रियापदानं फार घोळ घातला आहे. अन्याय झालेल्या माणसाला आपण म्हणतो, "देवावर सोड." आणि तासाभरानं त्यालाच म्हणतो, "सोडून दे ना आता." ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं, आणि बरेचदा म्हणणाऱ्यालाही. भजनी मंडळात, सोसायटीच्या जिन्यात, तेराव्याच्या पंगतीत, व्हॉट्सॲपच्या गटात मी हे दोन्ही एकमेकांच्या जागी वापरलेले ऐकते आणि दर वेळी जिवाला लागतं. यातली एक गोष्ट श्रद्धा आहे. दुसरी थकवा आहे, किंवा भीती.

म्हणून मी पहिलीला 'सोडणं' म्हणतच नाही, 'सोपवणं' म्हणते. सोपवायला आधी हातात काहीतरी धरलेलं असावं लागतं. तलाठ्याकडे कागद सोपवताना आपण तो वाचतो, सही करतो, पोच घेतो. जमिनीवर पडू दिलेल्या कागदाला कुणी 'सोपवला' म्हणत नाही.

सोडून देणं म्हणजे काय ते कुणाला शिकवायला नको. रिक्षावाल्यानं वीस रुपये जास्त घेतले, लग्नात कुणी मानपान विसरलं, शेजाऱ्यानं आपल्या दारात गाडी लावली, तर सोडून द्यावं. संसार त्याशिवाय चालत नाही आणि मीही रोज दहा गोष्टी सोडून देते. फक्त तिथे देवाचं नाव घेऊ नये, इतकंच. वीस रुपयांसाठी विठ्ठलाला विटेवरून उतरवायचं काम नाही.

घोळ होतो तो मोठ्या अन्यायात. तो कसा होतो हे मी आमच्याच घरात पाहिलं.

आमची निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये थॉमसनचा माल तयार झाला. व्यापारी बागेत आला, मणी दाबून पाहिला, दोन-चार तोंडात टाकले, भाव ठरला. तीन दिवस तोडणी चालली. पहिल्या दिवसाचे पैसे रोख मिळाले, बाकीचा चेक. तो चेक परत आला. बँकेनं मेमो दिला: खात्यात पुरेशी रक्कम नाही. वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, तो मेमो चार घड्या घालून देवघरात विठ्ठलाच्या तसबिरीमागे ठेवला आणि आईला म्हणाले, "आता तो आणि विठ्ठल."

मी नाशिकला राहते, मला कुणी काही कळवलं नाही. गौरी-गणपतीला घरी गेले, देवघर पुसायला घेतलं, तेव्हा तसबिरीमागून तो कागद खाली पडला. उदबत्तीच्या धुरानं एक कड पिवळी झाली होती.

चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस असतात. तरीही भरले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात फौजदारी तक्रार करायची. चेक पुन्हा बँकेत टाकायचा म्हटलं, तर त्याचंही आयुष्य ३ महिन्यांचं. आमच्या या सगळ्या मुदती तसबिरीमागेच संपल्या होत्या. सबळ कारण असेल तर न्यायालय तक्रारीचा उशीर माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. आणि नानांकडे तर सांगायला कारणच नव्हतं. ते आजारी नव्हते, अडाणी नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण श्रद्धेनं वागलो, आणि वकिलाकडे जाणं म्हणजे विठ्ठलावर अविश्वास.

घोळ नेमका इथे आहे. अन्यायाच्या प्रसंगात आपल्या हातात दोन गोष्टी असतात. एक निकाल: त्या माणसाला काय शिक्षा व्हावी, कधी, कुठल्या मार्गानं, त्याच्या मनात काय होतं, तो मुळात किती वाईट. दुसरी साक्ष: काय घडलं, किती वजन, कोणती तारीख, कुणाची सही. देवावर सोपवायचा तो निकाल. साक्ष आपली. ती देवाला द्यायची नसते, कारण त्यानं सगळं पाहिलेलंच असतं. ती माणसांना द्यायची असते, कारण त्यांनी पाहिलेलं नसतं.

नानांनी उलटं केलं. साक्ष विठ्ठलाच्या मागे ठेवली आणि निकाल रोज स्वतः देत बसले. रात्री ओट्यावर बसून त्या व्यापाऱ्याचं घर कसं उजाडेल, त्याच्या मुलाबाळांना कसं भोगावं लागेल, हे मोजत बसायचे. हातानं काही करायचं नाही आणि मनातून क्षणभरही सोडायचं नाही, याला तळतळाट म्हणतात. सोपवलेल्या माणसाला झोप लागते. नानांना चार महिने लागली नव्हती.

पुढच्या हंगामात त्याच व्यापाऱ्यानं शेजारच्या गावात दोन बागा उचलल्या आणि त्यांचेही पैसे बुडवले. त्या घरांना कुणी सावध केलं नव्हतं. ही गोष्ट मला आजही डाचते. आपण गप्प राहिलो की त्याची किंमत आपणच मोजतो असं वाटतं, पण पुढची पावती दुसऱ्याच्या नावानं फाटते.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "ठेविले अनंते तैसेचि रहावे." तुकोबांच्या या ओळीइतका गैरवापर दुसऱ्या कुठल्या ओळीचा झाला नसेल. त्यात 'अनंते' हा शब्द आहे. अनंतानं ठेवलं तसं राहावं. पाऊस कमी पडला, गारपीट झाली, देह म्हातारा झाला, तर चित्ती समाधान असू द्यावं. व्यापाऱ्यानं ठेवलं तसं राहा, असं तुकोबांनी कुठे म्हटलंय? त्यांनीच नाठाळाच्या माथी काठी हाणायची भाषाही केली आहे. तो अभंग मात्र पंगतीत कुणाला आठवत नाही.

चोखोबांचं पाहा. "धाव घाली विठू आता, चालू नको मंद, बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध." देवावर इतका भार टाकलेला माणूस, पण बोलताना काही झाकलं नाही. कोण मारतं, ते स्पष्ट सांगितलं. माझा अपराध काय, हेही विचारलं. 'जाऊ दे, त्यांचं त्यांच्यापाशी' असं ते म्हणत नाहीत. देवापुढेसुद्धा साक्ष पुरती द्यावी लागते, हे मी त्या ओळीवरून शिकले.

शरणपूर रोडला राहणाऱ्या माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीनं त्यांच्या शास्त्रातली गोष्ट सांगितली. 'दुसरा गाल पुढे कर' हे येशूचं वाक्य आपल्याकडेही सगळ्यांना पाठ आहे. पण चौकशीच्या वेळी एका शिपायानं खुद्द येशूला थोबाडीत मारली, तेव्हा त्यानं विचारलं की मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात उचलला नाही, शाप दिला नाही, पण प्रश्न गिळलाही नाही. ती म्हणाली, "आमच्यातही चर्चमध्ये लोक गालाचंच सांगतात गं, प्रश्नाचं नाही."

नानांना हे सगळं सांगून उपयोग झाला नाही. ते हलले वेगळ्याच गोष्टीनं. ते दर पौषात निवृत्तिनाथांच्या वारीला त्र्यंबकेश्वरला पायी जातात. मी विचारलं, "नाना, तुम्ही ज्यांच्या समाधीला जाता, त्या भावंडांना वाळीत टाकलं तेव्हा ती काय घरात बसली होती? शुद्धिपत्र मागायला पैठणपर्यंत चालत गेली, असंच ना कीर्तनात सांगतात?" नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते तर देवच होते. तरी गेले."

दुसरा धक्का आईनं दिला. नाना एकदा त्या व्यापाऱ्याबद्दल बोलत होते, देव त्याला सोडणार नाही वगैरे. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तोडणीच्या बायांची शेवटच्या दोन दिवसांची मजुरी आपण कधी द्यायची?" पैसे अडकले म्हणून आम्हीही त्यांना थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी नानांनी उसनवारी करून एकेकीच्या घरी जाऊन पैसे दिले. देवाच्या न्यायावर विश्वास म्हणजे त्या न्यायात आपलंही खातं उघडं आहे, हे मान्य करणं. सोडून देण्यात हे कधीच होत नाही, कारण तिथे खातंच बंद केलेलं असतं.

आता एक गोष्ट जरा कडक बोलते. मी पंचवटीत राहते, काळाराम मंदिरावरून रोज जाणं होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटानं चालवला. साधारण पाच वर्षं माणसं या दारांशी येत राहिली, मार खात राहिली, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्यांना देवाच्या दारातच अडवलं, त्यांना 'देवावर सोडा' म्हणण्याचा अधिकार दार लावून घेणाऱ्यांना कुठून येणार? म्हणून माझं ठाम मत आहे की हे वाक्य फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं स्वतःपुरतं म्हणावं. दीर, सासू, सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष यांनी ते दुसऱ्याला सांगू नये. सांगतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना देवाचा न्याय नको असतो, आपल्या घरात आवाज नको असतो. सुनेला मारहाण होत असताना 'देवाच्या काठीला आवाज नसतो' म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. नवऱ्याच्या काठीला आवाज होता, तो सगळ्या वाड्याला ऐकू येत होता.

आणि ते 'कर्माचं फळ' म्हणून फिरणारे व्हिडिओ. कुणाचा अपघात होतो, कुणाला आजार जडतो, की लगेच 'बघा, देवानं न्याय केला'. निकाल सोपवला होता ना? मग तो आपणच वाचून कशाला दाखवायचा? ज्ञानेश्वरांनी खळांची व्यंकटी सांडो असं मागितलं. खळ मरो, असं मागितलं नाही.

नशीब, प्रारब्ध आणि देवाचा न्याय यांतला फरकही लोक विचारतात. तो पंडितांनी करावा. चेक परत आलेल्या माणसाला त्याची घाई नसते.

फौजदारी वाट बंद झाली तरी पैसे वसुलीच्या दिवाणी दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. ती आमच्या हातात होती. काटापावत्या आईनं डाळीच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, तीनही दिवसांच्या, गाडीच्या नंबरासकट. त्यावर दावा उभा राहिला. शेजारच्या गावातली दोन्ही घरंही आपापल्या पावत्या घेऊन आमच्याच वकिलाकडे आली.

दावा अजून चालू आहे. तारखेच्या दिवशी नाना पहाटे अंघोळ करून हरिपाठ म्हणतात, तसबिरीला हात जोडतात आणि कापडी पिशवीत मेमो, पावत्या, चष्म्याचं घर घालून निफाडच्या एसटीला उभे राहतात. परवा मी फोनवर विचारलं, त्या माणसाचं काय व्हावं असं वाटतं? म्हणाले, "ते मला नको विचारू. मला काट्यावर किती भरलं तेवढं विचार." आणि आकडा सांगितला, किलोसकट.